मालसुकचं ब्राझील

परोपकार घरापासून दोन तासांच्या अंतरावर असला की फार गोड लागतो. सकाळी जावं, मन लावून करावा, संध्याकाळी घरी येऊन दार लावून घ्यावं. तो बिचारा बाहेरच राहतो. आपल्यापैकी कितीतरी जणांचा असाच चालतो. कोरियातल्या सोक्चो गावच्या मिरानचाही बरीच वर्षं असाच चालला होता, आणि तिला कुणी नावं ठेवावीत असं त्यात काही नव्हतं.

मिरान ही बंदराजवळच्या चर्चमधली ज्येष्ठ सेविका. तुरुंगभेटीचं सगळं काम तिच्याकडे. दर महिन्याला एका गुरुवारी ती चार-पाच जणींना घेऊन घाट ओलांडून बायकांच्या तुरुंगात जायची. बरोबर तांदळाच्या गोड वड्या, संत्री, थंडीत लोकरीचे मोजे. गाणी व्हायची, प्रार्थना व्हायची. निघायच्या वेळी मिरान एकेकीला पोटाशी धरून म्हणायची, "सुटलीस की आमच्याकडे ये गं! टोफू घेऊन दारात उभी राहीन. आणि चर्चमध्ये माझ्या शेजारची जागा तुझीच समज!"

तुरुंगातून सुटलेल्या माणसाला पहिला घास पांढऱ्याशुभ्र टोफूचा, म्हणजे सोयाबीनच्या पनीराचा, द्यायचा, अशी आमच्याकडे रीत आहे. त्यामुळे टोफूचं नाव निघालं की त्या बायकांचे डोळे भरून यायचे. मिरानचेही यायचे.

नवरा दोकमान निवृत्त बसचालक. चर्चमध्ये तो नाताळला आणि जेवणावळीला यायचा, पण तुरुंगापर्यंत गाडी मात्र न चुकता तोच न्यायचा. बाहेर शेंगदाणे खात बसायचा आणि मिरान डोळे पुसत आली की विचारायचा, "आज किती जणींना जेवायला बोलावलंस? भांडी पुरतील ना आपली?"

"अहो, तुम्हाला कशाचीही थट्टाच सुचते!"

"थट्टा नाही गं. एक जरी खरंच आली ना, तर आधी सांग. मी दाढी करून ठेवीन."

आणि एक आली.

उन्हाळा सरत आला होता. उपासना सुरू व्हायला थोडा वेळ होता. मिरान नेहमीच्या बाकावर येऊन बसली आणि बॅग शेजारी ठेवणार तोच एक जाडगेली, ठेंगणी बाई धाडकन तिथे बसली. केस आखूड कापलेले, मांडीवर कापडी पिशवी, चेहराभर हसू.

"ताई! ही जागा माझीच ना?"

आवाज एवढा मोठा की पुढच्या तीन बाकांवरच्या माना वळल्या. मिरानला एकदम आठवलं. मालसुक. गाणं म्हणताना सगळ्यांच्या पुढे धावणारी, वड्या दोनदा मागून घेणारी मालसुक! मालसुकची एक लहानशी खानावळ होती. एका संध्याकाळी ती दारू पिऊन गाडी चालवत निघाली, एका म्हाताऱ्या गृहस्थांना धडक दिली आणि घाबरून पळून गेली. त्यांचा पाय कापावा लागला. चार वर्षांची शिक्षा झाली होती तिला.

"तू... कधी सुटलीस?" मिरान कुजबुजली.

"परवा. घरचं कुणी राहिलं नाही. म्हटलं, ताईंनी बोलावलंय तर जावं."

आता मिरानच्या मनात काय आलं, ते खरं सांगायला हवं. आनंद आला नाही. आली ती हानसोलची आई. मिरानची एकुलती एक मुलगी सोदाम हिचं लग्न हानसोलशी ठरलं होतं, याच चर्चमध्ये, ऑक्टोबरात. हानसोलची आई गांगनुंग शहरातल्या मोठ्या चर्चमधली, मोजून बोलणारी, कपड्यांवर एक चुणी खपवून न घेणारी बाई. तिच्या कानावर गेलं की विहिणीच्या मांडीला मांडी लावून तुरुंगातून सुटलेली बाई बसते, तर?

तेवढ्यात मागून गुमनान आजींनी मान पुढे काढली. ऐंशी ओलांडलेल्या या आजींना बाजारात सुक्या माशांचं दुकान होतं, आणि गावातली कुठलीही बातमी त्यांच्या दुकानावरून गेल्याशिवाय पुढे जात नसे. "कोण गं ही, मिरान?"

"ही? ही माझी मावसबहीण. लांबची."

"कधी पाहिली नाही ती!"

मिरानची नजर सैरभैर फिरली. खिडकीजवळ चहापाण्याच्या टेबलावर कॉफीचा डबा होता. डब्यावर देशाचं नाव होतं. "ब्राझीलला होती!" मिरान म्हणाली. "चार वर्षं. आत्ताच आली."

मालसुकच्या चेहऱ्यावरचं हसू क्षणभर जागच्या जागी थांबलं. तिनं मिरानकडे पाहिलं, मग आपल्या पिशवीकडे. मग आजींना वाकून नमस्कार केला. "हो आजी. ब्राझील."

चर्चचे पाळक होते वी. मालसुकनं दुपारी त्यांना स्वतःहून सगळं सांगितलं. त्यांनी स्वयंपाकघरामागची पाहुण्यांची खोली त्याच दिवशी उघडून दिली, गादी, पांघरूण, चहाची किटली आणून ठेवली. दुसऱ्या दिवशी तिला घेऊन ते हॉटेलांच्या चादरी धुणाऱ्या लाँड्रीच्या मालकाकडे गेले आणि आडपडदा न ठेवता ती कोण हे सांगितलं. मालक म्हणाला, "माझ्याकडे चादरी स्वच्छ निघाल्या म्हणजे झालं. बाकीचं तिच्या आणि देवाच्या मध्ये." काम मिळालं. मिरानला मात्र पाळकांनी बाजूला घेतलं.

"ती कोण हे गावाला सांगायचं की नाही, हे तिनं ठरवावं. मी सांगणार नाही, तुम्हीही सांगू नका. पण मिरानताई, हे ब्राझीलचं काय काढलंत?"

"लग्न होईपर्यंत, पाळकसाहेब. एवढंच. तिच्याच भल्यासाठी."

पाळकांनी चष्मा काढून उगाच पुसला.

मिरान वाईट बाई नव्हती हो. मालसुकला फोन घेऊन द्यायला तीच गेली, ओळखपत्र नवं करायला सरकारी कचेरीत तीच तिच्याबरोबर बसली. परतताना दोघी शेवयांच्या दुकानात शिरल्या. तिथे माणूसच नाही! काचेची एक उभी पाटी, तिच्यावर बोट लावून जेवण मागवायचं.

"ताई, मी आत जायच्या आधी अशा दुकानांत एक पोरगी उभी असायची. तिचं काय झालं?"

"मला काय माहीत! मी तरी कुठे लावलंय बोट आजवर? सोदाम लावते."

दोघींनी बोटं लावली. पाटीनं विचारलं, इथे खाणार की घरी नेणार. मालसुकनं पाटीला वाकून सांगितलं, "इथेच खाणार हो." पाटी ऐकेना. मागे रांग लागली. शेवटी एका शाळकरी मुलीनं पुढे होऊन दोन टिचक्यांत काम केलं, आणि समोर आलं काय, तर दोघींना मिळून पाच वाट्या! मालसुक अशी हसली, अशी हसली की भिंतीला टेकून खाली बसली. मिरानलाही हसू आवरेना. कितीतरी वर्षांत ती अशी हसली नव्हती. पाचही वाट्या संपल्या. त्यातल्या साडेतीन मालसुकनं संपवल्या.

घरी न्यायला दोकमान गाडी घेऊन आला. मालसुक मागच्या सीटवर बसली आणि तिनं दोन्ही हात मांडीवर गच्च धरून ठेवले. गाडीत ती कधीच काही बोलत नसे. सुटल्यापासून ती शक्य तिथे पायीच फिरत होती.

सप्टेंबरात हानसोलची आई चर्चचं सभागृह पाहायला आली. उपासनेनंतर तळघरात सगळ्यांचं जेवण असतं. त्या दिवशी गरम रस्सा, भात आणि तिखट मुळा होता. मिरान विहीणबाईंना मानानं टेबलाच्या टोकाशी बसवते न बसवते तोच गुमनान आजी समोर येऊन बसल्या आणि त्यांनी मालसुकला हाताला धरून शेजारी ओढलं.

"ही मिरानची बहीण. ब्राझीलहून आलीय! सांग गं, काय करायचीस तिथे?"

मालसुकनं मिरानकडे पाहिलं. मिरान रश्शात डोकं घालून बसली होती.

"शिवणकाम करायचे, आजी. मोठा कारखाना होता."

"आणि हवा कशी?"

"हवा... अंगणात गेल्यावर कळायची. अंगणात रोज सोडत नसत."

"जेवण?"

"जेवण अगदी वेळेवर! घंटा झाली की ताट पुढे. फक्त तिखट कमी."

"शेजारपाजार बरा होता का?"

"फार जवळचा. आठ जणी एका खोलीत."

"अगं बाई! भाडी एवढी महाग?"

"भाडं अजिबात नाही, आजी," मालसुक म्हणाली. "फक्त घरमालक सोडत नाही."

दोकमानच्या घशात रस्सा अडकला. तो खोकत खोकत उठून बाहेर पळाला. आजी मात्र माना डोलवत ऐकत होत्या. दुसऱ्या दिवशी हे सगळं बाजारभर सांगायचं होतं त्यांना. हानसोलची आई शांतपणे भात खात होती.

"ब्राझीलला कुठे होता आपण?" तिनं विचारलं.

"मध्यभागी," मालसुक म्हणाली.

"मजेशीर देश दिसतो," विहीणबाई म्हणाल्या आणि त्यांनी चमचा सरळ रेषेत खाली ठेवला.

लग्नाआधी काही दिवस त्यांचा फोन आला. "येत्या रविवारी तुमच्याकडे उपासनेला येते. लग्नाबद्दल समोरासमोर थोडं बोलायचं आहे." एवढंच. आवाजात ऊब नव्हती. मिरान तशीच लाँड्रीत गेली. वाफेच्या ढगात मालसुक चादरीची घडी घालत होती.

"मालसुक, एक सांगू? या रविवारी तू... नाही आलीस तर चालेल का गं? एकच रविवार. हानसोलची आई येतेय. पुन्हा काही विचारलंन तर?"

मालसुकनं घडी पूर्ण केली. तिच्यावर हात फिरवला.

"ताई, मी सुटले ना, त्या दिवशी तुरुंगाच्या दारात बराच वेळ उभी राहिले. मला ठाऊक होतं तुम्हाला तारीख माहीत नाही. तरी उभी राहिले. मग समोरच्या दुकानातून टोफू घेतला आणि बसच्या थांब्यावर एकटीनंच खाल्ला. पण मनात म्हटलं, काय बिघडलं? चर्चमध्ये माझी जागा आहे की." तिनं घडी बाजूला ठेवली. "तिथे, सगळ्या पहारेकरणींच्या देखत, तुम्ही मला पोटाशी धरायचात. इथे तुमचा हात माझ्या हाताला लागला तरी तुम्ही इकडेतिकडे बघता. नाही येत मी रविवारी. काळजी करू नका."

ती रागावली असती तर मिरानला सोपं गेलं असतं. ती रागावली नव्हती. तिनं दुसरी चादर घेतली.

मिरान घरी आली तेव्हा दोकमान अंगणात उन्हाला लसूण सोलत बसला होता. ती शेजारी बसली, एक गड्डा उचलला, आणि झालेलं सगळं सांगून म्हणाली, "मी तरी काय करू? मुलीचं लग्न आहे. आणि मी तिचं वाईट का केलं? खोली मिळाली, काम मिळालं, लोक मान देतात. खरं कळलं असतं तर दिला असता?"

"मला नाही माहीत," दोकमान म्हणाला. "कुणी विचारलंच नाही त्यांना. तूच परस्पर ठरवलंस, की आपली माणसं एवढी कोत्या मनाची आहेत."

"तुम्ही चर्चला येत नाही, आणि मला शिकवता!"

"नाही येत. मी बाहेर गाडीत बसतो. म्हणून तर बाहेरून दिसतं ते सांगतोय." त्यानं सुरी खाली ठेवली. "मिरान, तुरुंगानं त्या बाईची चार वर्षं घेतली. चूक मोठी होती, एका माणसाचा पाय गेला, शिक्षा व्हायलाच हवी होती. पण तिनं ती भोगली. चार वर्षं तिनं रोज उठून स्वतःचं तोंड आरशात पाहिलं, दारू सोडली, दुसऱ्याच्या गाडीतही ती हात मांडीवर गच्च धरून बसते. एवढं सगळं तिनं कमावलं, आणि तू म्हणालीस, ते काही झालंच नाही, ती ब्राझीलला होती! तुरुंगानं चारच वर्षं घेतली. तू तिचं गाव, तिची माणसं आणि केलेला पश्चात्तापही घेतलास. आत असताना ती निदान मालसुक तरी होती."

मिरानच्या हातातला लसूण तसाच राहिला.

"लोकांना तिची लाज वाटेल म्हणून नाही लपवलंस तू," दोकमान हळू आवाजात म्हणाला. "तुला वाटते म्हणून लपवलंस. आत जाऊन पोटाशी धरायला लागतं थोडंसं धाडस. गावात शेजारी बसवायला जास्त लागतं. तेवढं तुझ्यात आहे, असं मला अजूनही वाटतं. नाहीतर एवढी वर्षं मी पेट्रोल जाळलं नसतं."

मिरान रडली नाही. तुरुंगात जाऊन ती किती सहज रडायची! इथे डोळे कोरडे. ती उठली. हाताला लसणाचा वास, पायात घरातल्याच सपाता. तशीच ती उताराच्या रस्त्यानं लाँड्रीपर्यंत चालत गेली.

"मालसुक," दारातूनच ती म्हणाली, "मी तुझ्यावर अन्याय केला. रविवारी ये. मी सगळ्यांसमोर उभी राहून खरं सांगते."

मालसुकनं इस्त्री बाजूला ठेवली. मग नाक पुसून म्हणाली, "तुम्ही का सांगणार? तुम्ही सांगितलंत तर पुन्हा काहीतरी जोडाल. म्हणाल, हिचा काही दोष नव्हता."

मिरानला हसू आलं आणि रडूही आलं.

"मीच सांगेन, ताई. माझं आहे ते. तुम्ही फक्त शेजारी उभ्या राहा. जवळ. हात लागेल इतक्या जवळ."

रविवारी चर्च भरलेलं होतं. हानसोलची आई दुसऱ्या बाकावर ताठ बसली होती, शेजारी सोदाम आणि हानसोल. आदल्या संध्याकाळी मिरानने मुलीला सगळं सांगून टाकलं होतं. सोदाम म्हणाली होती, "आई, लग्न मोडलं तर मोडलं. पण ते खोट्यावर उभं राहायला नको." मुलं कधी मोठी होतात कळत नाही.

शेवटचं गीत झालं. पाळक वी म्हणाले, "आपल्यापैकी एकीला काही सांगायचंय." मालसुक उठून पुढे गेली. तिच्याबरोबर मिरान गेली आणि तिनं, अख्ख्या मंडळीच्या देखत, तिचा हात धरला.

"मी मालसुक," ती म्हणाली. आज तिचा आवाज मोठा नव्हता. "मी मिरानताईंची बहीण नाही. मी ब्राझीलला कधी गेले नाही. मी चार वर्षं तुरुंगात होते. दारू पिऊन गाडी चालवली, एका आजोबांना धडक दिली, आणि पळाले. त्यांचा पाय गेला. ते आता कुबड्यांवर चालतात. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती दिलेली नाही, आणि त्यात त्यांचं काही चुकलं नाही. मी दारूला शिवत नाही. गाडी पुन्हा चालवणार नाही. मला तुमच्याबरोबर गाणी म्हणायची आहेत, जेवायचं आहे, भांडी घासायची आहेत. मी जी आहे ती म्हणून. चालत असेल तर."

"आणि खोटं मी बोलले," मिरान म्हणाली. "तिनं नाही. मला तिची लाज वाटली. आज मला माझी वाटते आहे."

मागच्या बाकावरचं एक जोडपं मुलाला घेऊन उठलं आणि निघून गेलं. दार लागल्याचा आवाज सगळ्यांनी ऐकला. मालसुकचा हात मात्र मिरानच्या हातात घट्ट होता.

आणि मग गुमनान आजींचा आवाज आला. "म्हणजे? ब्राझील नाही?"

"नाही, आजी."

"अगं कार्टे! मी अख्ख्या बाजारात सांगितलंय, ब्राझीलमध्ये घरभाडं घेत नाहीत म्हणून! गुमनानच्या दुकानावरची बातमी आजवर कधी खोटी निघाली नव्हती!" आजी काठी टेकत थेट पुढे आल्या. आजींनी मालसुकच्या पाठीत एक धपाटा घातला, आणि मग त्याच हातानं तिला जवळ ओढलं. "आठ जणी एका खोलीत, म्हणे! ते तरी खरं होतं का गं?"

"ते खरं होतं, आजी."

"मग आज रात्री माझ्याकडे जेव. माझं घर मोठं आहे, आणि मी एकटी आहे."

कुणीतरी हसलं. मग दुसरं कुणी हसलं. मग जे हसू फुटलं ते काही आवरेना! पाळक वी डोळे पुसत हसत होते. दोकमान, जो त्या दिवशी कोणताही सण नसताना दाढी करून आला होता, सगळ्यांत शेवटच्या बाकावर उभा राहून टाळ्या वाजवत होता.

पण मिरानचं लक्ष दुसऱ्या बाकाकडे होतं. हानसोलची आई हसत नव्हती. ती उठली आणि जिन्यानं खाली तळघरात गेली. मिरान तिच्यामागे गेली. आता काय ते ऐकून घ्यायलाच हवं होतं.

"बसा, विहीणबाई," हानसोलची आई म्हणाली. "माझा सख्खा भाऊ पंचवीस वर्षं ब्राझीलमध्ये आहे. मी दोनदा जाऊन आले. ही बाई बोलायला लागली तेव्हाच मला कळलं, हे सगळं खोटं आहे. मला ती कोण आहे याची काळजी नव्हती. मला काळजी तुमची होती."

"माझी?"

"जेवणाच्या टेबलावर बसून पाहुण्यांशी जे घर एवढं सहज खोटं बोलतं, त्या घरात माझ्या मुलानं उद्या कशावर विश्वास ठेवायचा? तारीख पुढे ढकलू या, हे सांगायला मी आज आले होते."

जे लपवलं म्हणून लग्न वाचेल असं मिरानला वाटत होतं, त्यानंच ते मोडायला आलं होतं!

"दारू पिऊन गाडी चालवणारी माणसं मला आवडत नाहीत," हानसोलची आई पुढे म्हणाली. "ते मी तिला तोंडावर सांगणार आहे. पण आज तिनं जे केलं ते मी आमच्या एवढ्या मोठ्या चर्चमध्ये कधी पाहिलं नाही. आणि तुम्ही तिचा हात धरलात, तेही." तिनं स्वतःच्या बाहीवरची चुणी सारखी केली. "तारीख तीच राहू द्या. आता मला भूक लागली आहे."

आणि सगळे जेवायला खाली उतरल्यावर ती खरंच मालसुकच्या शेजारी जाऊन बसली, आणि जे सांगायचं होतं ते तोंडावर सांगितलं. मालसुकनं मान हलवून ऐकलं, म्हणाली, "बरोबर आहे तुमचं," आणि तिच्या ताटात मुळा वाढला.

सगळं एका दिवसात गोड झालं असं नाही. निघून गेलेलं जोडपं बरेच रविवार आलं नाही. पुढे बाई परत आली, नवरा अजून दारापर्यंत सोडून जातो. पण चर्चमध्ये एक गोष्ट कायमची बदलली. तुरुंगभेटीची मंडळी आता नुसती भेटायला जात नाही. कुणाची सुटका कधी आहे हे आधी विचारून घेते, त्या दिवशी दोन माणसं तिथे हजर असतात, खोलीत गादी घातलेली असते, लाँड्रीचा मालक आणि आता आणखी दोन दुकानदार काम द्यायला तयार असतात. आणि मिरान आत कुणाला काही वचन देण्याआधी आता क्षणभर थांबते. कमी बोलते. बोललेलं करते.

लग्न ठरल्या दिवशी झालं. ऑक्टोबरचं ऊन, सेओराक डोंगरावर लाल-पिवळी पानं, सोदामच्या अंगावर पांढरा झगा, आणि मिरान पारंपरिक गुलाबी हानबोक पोशाखात अशी चमकत होती की दोकमाननं तिला दोनदा विचारलं, "नवरी नक्की कुठली?" मालसुकनं सकाळपासून खुर्च्या लावल्या होत्या, लग्नाच्या शेवया चाखून चाखून अर्ध्या संपवल्या होत्या, आणि गीत म्हणताना ती नेहमीसारखीच सगळ्यांच्या पुढे धावली. नवरानवरी हसली, पाळक हसले, गाणं पुन्हा पहिल्यापासून घ्यावं लागलं.

मग फोटोवाल्यानं हाक दिली, "नातेवाईक पुढे या!" माणसं पायऱ्यांवर उभी राहिली. मालसुक लांब खांबापाशी पर्स सांभाळत थांबली होती. हानसोलच्या आईनं मान वळवून पाहिलं.

"त्या तिथे काय करताहेत?" ती म्हणाली. "त्यांना बोलवा की."

फोटोवाला तरुण मुलगा होता. मालसुक धावत आली तेव्हा त्यानं विचारलं, "या कोण? नवऱ्याकडच्या की नवरीकडच्या? त्याप्रमाणे उभं करतो."

मिरान क्षणभरही अडखळली नाही. "ही मालसुक," ती मोठ्यानं म्हणाली. "मला तुरुंगात भेटली. इथे माझ्याजवळ उभी कर तिला."

फोटोवाला दचकला. बाकी कुणीच दचकलं नाही. तो फोटो आजही मिरानच्या बैठकीत आहे. त्यात सगळे सरळ समोर पाहताहेत, एकटी मालसुक तोंड उघडून हसते आहे, आणि तिच्या हसण्यामुळे शेजारचे चार-पाच चेहरे हलून अस्पष्ट झाले आहेत.

मित्रहो, शिक्षा संपली की सरकार माणसाला दाराबाहेर सोडतं. तिथून गावात परत यायचा रस्ता मात्र सरकारला बांधता येत नाही. तो तुम्हाआम्हालाच बांधावा लागतो. त्यासाठी दया पुरत नाही, गुपचूप केलेली मदतही पुरत नाही. चुकलेल्या माणसाला त्याच्या खऱ्या नावानं, त्यानं केलेल्या चुकीसकट, चारचौघांत आपल्याजवळ उभं करावं लागतं. हे अवघड आहे, यात शंका नाही. पण ज्यानं एकदा ते केलं, त्याचं घर आधीपेक्षा जास्त हसतं, एवढं मी पाहिलं आहे.